तीन बोटं दुमड

४ सप्टेंबर

प्रिय बटण,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र माझं आहे हे तुला कळलंच असेल. तरीही उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. तुझे भावजी ठणठणीत आहेत. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात गेलं आहे आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागली आहे. मी काही शोधायला गेले की म्हणतात, "काय हवंय? हात लावू नकोस, मागून घे."

कामाचं आधी लिहिते. सोबत एक छापील कागद आहे. खाली डावीकडच्या चौकटीत सही करून परत पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आतच ठेवलंय.

कागद कसला, तर गेल्या वर्षी मी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. हस, पोटभर हस, मग पुढे वाच. वर्ग शनिवार-रविवारी भरतात. आम्ही चौतीस जण, त्यातले तेहतीस माझ्या मुलीच्या वयाचे किंवा त्याहून लहान. पहिल्या दिवशी मी दारातून आत शिरले आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. त्यांना वाटलं, बाई आल्या. मीसुद्धा सवयीने "बसा" म्हटलं आणि निमूटपणे शेवटच्या बाकावर जाऊन बसले. खऱ्या बाई दहा मिनिटांनी आल्या. पाठीला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक 'केस' लिहावी लागते. एखाद्या खऱ्या धंद्यात एक अवघड निर्णय कसा घेतला गेला, त्याची हकिगत. तिच्यावर मग वर्गात चर्चा होते. मी आपलं शिवणघर घेतलंय. नावं कुठेच नाहीत. मोठी बहीण 'अ', धाकटी 'ब'. हकिगतीत जी जिवंत माणसं येतात त्यांची लेखी संमती लागते, म्हणून हा कागद. शेवटची तारीख तीस नोव्हेंबर.

केसची प्रत जोडली आहे. वाचलीच पाहिजेस असं काही नाही.

शिकतेय ते वेळ जात नव्हता म्हणून. दुसरं काही कारण नाही.

तुझी,
ताई


२३ सप्टेंबर

प्रिय बटण,

उत्तर नाही. पाकीट गहाळ झालं असेल असं तुझे भावजी म्हणाले. मी म्हटलं, "बारा वर्षं सगळीच पाकिटं गहाळ होतात का हो?" तेव्हा ते डबे पुसायला लागले. कागदाची दुसरी प्रत पाठवते आहे.

पत्राच्या सुरुवातीला 'बटण' लिहिताना दोन्ही वेळा हात अडला. छप्पन्न वर्षांच्या बाईला अशी हाक मारावी का? पण दुसरं नाव माझ्या हाताला वळत नाही. तू चार वर्षांची असताना माझ्या फ्रॉकचं बटण गिळलंस आणि आईने दोन दिवस तुला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बटण मिळालं, तर ते उकळून तिने पुन्हा माझ्याच फ्रॉकला लावलं! वर्षभर शाळेत मी ते मुठीत झाकून फिरायचे.

सध्या आम्हाला वित्त शिकवतात. उद्या मिळणाऱ्या गोष्टीची आजची किंमत कशी काढायची, ते. पहिले तीन आठवडे मला ओ की ठो कळलं नाही. माझ्या शेजारी अग्निशमन दलातला एक अधिकारी बसतो. तगडा गडी, पण आकडे दिसले की घाम फुटतो. "काकू, आगीत शिरायला सांगा, पण हे नको," म्हणतो. आम्ही दोघांनी मिळून एक कॅल्क्युलेटर घेतलाय आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना पाढे म्हणायला लावतो. घरी तुझे भावजी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर व्याख्या लिहून माझी तोंडी परीक्षा घेतात. चुकले की चहा उशिरा मिळतो.

एक सांगू का? मला फार मजा येतेय. वहीला समास आखताना, पेनात शाई भरताना, मी पुन्हा कॉन्व्हेंटच्या त्या लांब व्हरांड्यात असते. मेणाने घासलेली फरशी, सिस्टरच्या किल्ल्यांचा जुडगा वाजला की सगळ्यांच्या पाठी ताठ. आणि सोमवारची ती तपासणी! एका रांगेत गुडघ्यांवर बसायचं आणि फ्रॉकची कड जमिनीला टेकली पाहिजे. नाही टेकली, तर घरी. आपली कधी नाही टेकली असं झालं नाही, कारण आई प्रत्येक गणवेशाला आत तीन बोटं दुमड ठेवायची. मुलगी वाढली की उसवायचं, एक बोट खाली सोडायचं आणि पुन्हा टाका घालायचा. सोडलेल्या जागी जुन्या घडीची रेघ राहायची. त्या रेघा मोजून कोण किती वर्षं तोच फ्रॉक घालतेय ते सांगता यायचं. तुझ्यावर नेहमी एक रेघ जास्त, कारण तो आधी माझा असायचा.

केसमध्ये मी ह्या दुमडीवरच लिहिलं आहे. आपल्यात तिच्यावरून मतभेद झाले आणि काही काळाने तू वैयक्तिक कारणांसाठी भागीदारी सोडलीस, इतकंच. कोणाला दोष दिलेला नाही.

सही करून पाठव गं.

ताई


१४ ऑक्टोबर

प्रिय बटण,

काल वर्गात आपली केस चर्चेला घेतली. कच्ची प्रत होती आणि लेखकाचं नाव झाकलेलं, त्यामुळे संमती नसली तरी चालतं म्हणाल्या बाई. मी शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. एखाद्या परक्या बाईबद्दल ऐकावं तसं ऐकायचं ठरवलं होतं.

बाईंनी फळ्यावर मांडलं. आईने सुरू केलेलं शिवणघर, तिच्या मागे दोन बहिणी चालवतात. मोठी कापते, धाकटी शिवते आणि काउंटर सांभाळते. मोठ्या शाळेचं काम मिळवायचं तर कापड कमी लागलं पाहिजे. मोठी म्हणते, दुमड तीन बोटांची एक करू. धाकटी म्हणते, नाही. तुम्ही काय कराल?

कोण कोणाच्या बाजूला, त्यासाठी हात वर करायला सांगितले. धाकटीच्या बाजूने एकोणतीस! माझ्या बाजूने चार. पाचवा हात माझा असायला हवा होता, पण तो वर गेला नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

अग्निशमनवाला उठून म्हणाला, "ती दोन बोटं वाया गेलेलं कापड नाहीये. तेवढ्यासाठी तर आया त्यांच्याकडे परत येत होत्या. मोठीने दुकानाची पाटीच कापून टाकली." सगळे हसले. मीही हसले. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. बिचारा मधल्या सुट्टीत दोन कप चहा घेऊन आला, त्यातला एक मला दिला.

वित्ताच्या तासाला जे डोक्यात शिरत नव्हतं ते तिथे बसल्याबसल्या शिरलं. उद्याची आजची किंमत. आई ती कॅल्क्युलेटरशिवाय काढायची, बोटांनी.

वर्ग सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. आधी "मॅडम" म्हणाल्या, मग त्यांच्याही तोंडून "काकू"च निघालं. "काकू, लिहिलंय छान. वळणदार. पण ह्यातली धाकटी बोलत का नाही? सहा पानांत तिच्या तोंडी एकच शब्द आहे, 'नाही'. एवढ्यावरून कोणी शिवणघर सोडून जात नाही. मधलं एक पान गळलंय का?"

मी म्हटलं, "बघते."

बघायला काय हवंय? ते पान कुठे आहे ते मला ठाऊक आहे. पण आज नाही लिहीत. डोळ्यांत औषध घातलंय, अक्षर हलतंय.

ताई


६ नोव्हेंबर

बटण,

आज डोळे ठीक आहेत.

त्या वर्षी तू आठ दिवस यंत्रांच्या प्रदर्शनाला गेली होतीस. शाळेने कापडाचा हिशेब मंगळवारपर्यंत मागितला होता. तू "नाही" म्हटलं होतंस, ते स्वच्छ आठवतंय. दारात उभी राहून, हातात पिशवी घेऊन म्हटलं होतंस. तू गेलीस आणि मी आईच्या पुठ्ठ्याच्या साच्यावर खडूने नवी रेघ मारली, मग कात्रीने साचाच कापला. कारागीर बायकांमधली सगळ्यात जुनी होती ना, काजं करणारी मावशी, तिने विचारलं, "धाकट्या बाईंना माहितीये का?" मी म्हटलं, "तिला विचारलंय. ती हो म्हणाली."

तीन शब्द. ती हो म्हणाली.

तू परत आलीस तेव्हा चारशे गणवेश कापून झाले होते. त्या सगळ्या बायकांसमोर तू मला खोटं पाडलं नाहीस. मशीनवर बसलीस आणि शिवायला घेतलंस. मला वाटलं, पटलं तुला. वाटलं कसलं, तसं वाटून घेतलं. त्या वर्षी मी सगळ्यातच कापड वाचवत होते. मशीनवरची आवरणं, पिशव्या, काउंटर आणि मागची खोली यांच्यामधला पडदासुद्धा. स्वतःवर फार खूश होते.

पाच महिन्यांनी सोमवारच्या तपासणीत बावीस मुलींची कड जमिनीला टेकली नाही आणि त्यांना घरी पाठवलं. कुठली शाळा, ते तुला सांगायला नकोच. आपलीच. बावीस आया काउंटरवर आल्या. एक म्हणाली, "मुलगी वाढणार हे तुम्हाला कळायला नको? तुमच्या आईला कळत होतं!" तू म्हणालीस, "चुकलं आमचं. ठेवून जा, पट्टी जोडून देते." आमचं म्हणालीस. त्या तुला नाही नाही ते बोलल्या, पाऊण तास.

मी कापड आणायला बाजारात गेले होते, असं तुला सांगितलं. गेले नव्हते. मागच्या खोलीत, पडद्यामागे उभी होते. प्रत्येक शब्द ऐकला. बाहेर यायला चार पावलं लागली असती.

त्यानंतर दोन महिने तू एकटीने पट्ट्या जोडल्यास. तो निळा रंग जुळत नव्हता, तरी जोडल्यास. शेवटचा फ्रॉक गेला त्या दिवशी आईची कात्री घेतलीस आणि दार आपटून गेलीस. मी सगळ्यांना सांगत सुटले की धाकटीला व्यवहार कळत नाही.

शिवणघर मी आणखी आठ वर्षं ओढलं, मग बंद केलं. शिकायला वेळ जात नव्हता म्हणून नाही गेले गं. नेमकं काय चुकलं ते कोणीतरी फळ्यावर मांडून दाखवावं असं वाटत होतं. दाखवलं.

हे सगळं आता केसमध्ये लिहिलं आहे. नवी प्रत जोडते. ही मात्र वाच.

ताई


१ डिसेंबर

प्रिय बटण,

काल तीस तारीख झाली. तुझा कागद आला नाही, म्हणून माझी केस गेली नाही. रागावून लिहीत नाहीये, नुसतं कळवतेय.

शेवटच्या दिवशी कचेरीत गेले होते. खिडकीतल्या बाबूने माझी फाइल उलटसुलट केली. म्हणाला, "सगळं आहे, फक्त बहिणीची सही नाही."

"बहीण दूर असते."

"मग करून टाका ना काकू! कोण बघतंय? इथे सगळेच करतात." आणि पेनसुद्धा माझ्यापुढे सरकवलं. चांगला माणूस आहे, मदत म्हणूनच म्हणाला.

तुझी सही मला येते. तू 'मोठी झाले' म्हणून पहिली सही गिरवलीस ती माझ्याच वहीच्या मागच्या पानावर, शेवटचं अक्षर शेपटासारखं वर नेऊन. पेन उचललंही. मग मावशीचा आवाज आला. धाकट्या बाईंना माहितीये का?

पेन परत ठेवलं. म्हटलं, "तिला विचारलंय. ती अजून काही म्हणाली नाही."

बाबू म्हणाला, "म्हणजे सहा महिने गेले तुमचे. पुढच्या तुकडीबरोबर द्यावी लागेल."

"जाऊ देत," म्हटलं.

बाहेर पायरीवर बसले होते तर अग्निशमनवाला आला. म्हणाला, माझ्या मेव्हण्याचा फर्निचरचा धंदा आहे, त्यावर लिहा, दोन दिवसांत सगळं गोळा करून देतो, बाईंच्या हातापाया पडू. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्या सगळ्यांच्या पुढे होतात हो." आणि माझी पिशवी उचलून थेट बसपर्यंत आला. तुझे भावजी घरी वाट बघत होते.  त्यांनी न मागता डबा उघडून पुढे ठेवला.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण रस्त्याने येताना पाय हलके वाटत होते. सहा महिने काय, मी बारा वर्षं थांबलेय.

तू सही केली नाहीस तरी पत्रं लिहीन. चालेल ना? नाही चालणार असेल तर तसं कळव. 'नाही' तुला छान म्हणता येतं.

ताई


१८ जानेवारी

माझी बटण,

आलं! परवा दुपारी पोस्टमन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तुझे भावजी खालून ओरडले, "अहो विद्यार्थिनी, टपाल!" एक चिमटा तोंडात आणि एक हातात, तशीच जिना उतरले.

सही आहे, शेपूट वर गेलेलं. पण त्याआधी केस वाचली. तू तर पानापानावर शिसपेन्सिल चालवली आहेस! सिस्टर परवडल्या. मी ते शेरे इथे पुन्हा उतरवून काढतेय, कारण मला ते माझ्या अक्षरातही बघायचे आहेत.

पान एक: 'ब' काय म्हणतेस? मी काय जीवनसत्त्व आहे? धाकटी म्हण.

पान तीन: कात्री आईने मलाच दिली होती. 'घेऊन गेली' नाही, 'आपली घेऊन गेली' असं लिही.

पान पाच: मी दार आपटलं नव्हतं. त्या दाराला चार वर्षं तेल नव्हतं आणि वारा होता. बारा वर्षं लोकांना हे सांगत फिरतेस?

आणि पडद्याच्या परिच्छेदाशी, समासात, बारीक अक्षरात: 'ताई, मला माहीत होतं. पडदा तू तोकडा शिवला होतास. खालून तुझ्या चपला दिसत होत्या. पाऊण तास मी त्यांच्याकडेच बघत होते. वाटत होतं, आता निघतील, आता निघतील.'

हे वाचून मी चिमटा हातात घेऊन जिन्यातच बसले. तुझे भावजी धावत आले, "काय झालं? काय झालं?" मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "तिथेही कापड वाचवलंस?" आणि मग मला इतकं हसू आलं, इतकं रडू आलं, की शेजारीण दार उघडून बघून गेली.

चपला निघाल्या गं. बारा वर्षं लागली चार पावलांना, पण निघाल्या.

शेवटच्या पानाच्या मागे तू लिहिलंयस, 'तू माझ्या नावाने सही केली नाहीस, म्हणून मी केली. आधीची प्रत आली तेव्हा चुलीत घालणार होते. डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा पेन्सिलीला टोक काढलं.' बाईंना हे सगळं दाखवलं. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. म्हणाल्या, "काकू, शेरे पुसू नका. असेच जोडा. आता धाकटी बोलतेय."

मे महिन्यात देतेय. पदवीदान सप्टेंबरमध्ये असतं. प्रत्येकाला दोन माणसं आणायची परवानगी आहे. एक तर घरातच आहे, डब्यांवर चिठ्ठ्या लावतोय.

दुसऱ्या जागेबद्दल तुला विचारतेय. विचारतेय हं. उत्तर तुझं.

ताई


१२ सप्टेंबर, सकाळी

बटण,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मशीनचा आवाज येतोय. पण वर्षभर तुझ्याशी कागदावर बोलायची सवय लागली आहे. आणि समोर बोलायला गेले की तू म्हणतेस, "ताई, गळा काढू नकोस, टाचणी टोचेल."

काल संध्याकाळी रिक्षातून उतरलीस तेव्हा आधी तुझे केस दिसले, माझ्याहून पांढरे. आणि पहिलं वाक्य काय, तर "केवढी वाळलीस! भावजी, हिला डब्यांतलं देता का नुसत्या चिठ्ठ्या?" ते तुझ्यावर लगेच फिदा. आज सकाळी तू न विचारता डबा उघडलास, तरी चालवून घेतलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मला अजून तो मान मिळालेला नाही.

माझी केस पुढच्या तुकडीला शिकवायला ठेवली आहे, हे मी तुला तीन वेळा सांगितलं. तू तिन्ही वेळा "बरं" म्हणालीस. पण रात्री जेवताना भावजींना हळूच विचारत होतीस, "त्यात 'धाकटी' असंच छापलंय ना?" ऐकलं मी.

गाऊन भाड्याचा आहे, आज रात्री परत करायचाय. काळा, भरपूर लांब. अंगावर चढवला तर पावलांच्या खाली लोळत होता. मी सरळ म्हटलं, "चार बोटं काप आणि शिवून टाक. कोणाला कळणार आहे?" तू पिशवीतून आईची कात्री काढलीस आणि माझ्याकडे असं बघितलंस की मी एकसष्ट-बासष्टची न राहता सहावीतली झाले. मग कात्री बाजूला ठेवलीस. आत दुमडायला लागलीस.

"कापत नाहीस?"

"पुढच्या वर्षी कोणीतरी उंच येईल ना गं घालायला."

 दोन वर्षं मी ह्याचाच अभ्यास करत होते आणि तू तोंडात टाचण्या धरून एका वाक्यात उरकलंस.

मशीन थांबलंय. आता हाक येतेय. "ताई! स्टुलावर उभी राहा बघू. ताठ. आणि चपला काढ, मला कड नीट दिसू दे."

आले गं, आले.